नॅप पॉड, अंधेरी ईस्ट : तासाला ३४९, डुलकी लागली तर तुमचं नशीब

आधीच सांगते, जागेचं नाव लिहिणार नाहीये. तक्रारी आहेत, पण कोणाचा धंदा बसावा एवढ्या नाहीत, आणि मुंबईत असल्या, झोपायचा डबा तासावर भाड्याने देणाऱ्या जागा आता बऱ्याच झाल्यात, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच असणार. अंधेरी ईस्टला मेट्रोपासून पाच-सात मिनिटं चालत, ऑफिसांच्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, खाली झेरॉक्सवाला आणि वर जांभळ्या अक्षरात 'नॅप पॉड्स'. एक तास ३४९ रुपये, दोन तास ५९९, लॉकरचं डिपॉझिट १०० रुपये रोख, जीपे चालत नाही. आधार कार्ड दाखवावं लागतं.

गेले का, तर दोन कारणं. एक साधंच आहे, नाशिकहून सकाळची पंचवटी पकडायची म्हणून पहाटे पाचला उठलेली, मरोळची मीटिंग दीडला संपली, वर राइस प्लेट खाल्ली, आणि संध्याकाळच्या पंचवटीला अजून चार तास. दादरच्या वेटिंग रूममध्ये बसायची ताकद नव्हती आणि मॉलमध्ये नुसतं फिरायला माझे पाय तयार नव्हते.

दुसरं कारण म्हणजे हा 'नॅप' शब्दच. मी भाषांतराची कामं करते, ॲपची, जाहिरातींची, औषधांच्या पाकिटातल्या त्या घडीच्या कागदांची, आणि मध्ये एका झोपेच्या ॲपचं काम आलं होतं त्यात 'नॅप' चौदा ठिकाणी होतं. मी 'डुलकी' लिहिलं. परत आलं, फार विनोदी वाटतं म्हणे. 'वामकुक्षी' लिहिलं. परत आलं, फार म्हातारं वाटतं. 'छोटी झोप' लिहिलं तर ते बटणावर मावेना. शेवटी तिकडून निरोप आला की 'नॅप'च ठेवा, देवनागरीत. पैसे पूर्ण मिळाले म्हणून मी गप्प बसले, पण ते चौदा नॅप डोक्यात राहिले, आणि समोर बोर्ड दिसल्यावर म्हटलं बघू तरी, चाळीसेक लाख खर्चून पॉड बसवणारा माणूस नॅप म्हणजे काय समजतो ते. (चाळीस लाख हा माझा अंदाज, मनावर घेऊ नका.)

काउंटरवर एक पोरगा, वीस-बावीसचा, बोलण्यावरून लातूरकडचा. "ताई, चप्पल इथं काढा, पाणी आत नेऊ नका, सांडलं तर गादी भिजतीय." चावीला पिवळं रबर लावलेलं, हातात घालायला. बरोबर एक सीलबंद पिशवी दिली, त्यात कागदासारखी एकदा वापरायची चादर, उशीचा अभ्रा, डोळ्याची पट्टी, कानात घालायचे नारिंगी बोळे आणि एक पेपर नॅपकिन. स्वच्छता म्हणाल तर पैकीच्या पैकी, चादर समोर फोडून देतात, आत कुणाच्या तेलाचा वास नाही, एसीचा कुबट वास नाही. बाथरूमसुद्धा कोरडं होतं, मुंबईत हे लिहिण्यासारखं आहे.

पॉडना नंबर नाहीत, नावं आहेत. मला मिळालं 'हिप्नोस'. शेजारचा 'सोम्नस', त्याच्या पलीकडे 'स्वप्न', मग 'क्लाउड', 'लॅव्हेंडर' वगैरे. आता हे ज्यांनी ठेवलं त्यांना माहीत होतं की नाही देव जाणे, पण पहिली तीन नावं एकाच घरातली आहेत. ग्रीकमधला हिप्नोस म्हणजे झोप, लॅटिनमधला सोम्नस म्हणजेही झोप, आणि आपला स्वप्न, तिन्ही एकाच मुळातून आलेले, संस्कृतमधला स्वप् धातू त्याच कुळातला, हिंदीतलं सोना तिथलंच. हिप्नॉटिझम आणि इन्सोम्निया आणि आपल्याला पडणारं स्वप्न ही सख्खी-चुलत भावंडं. एका ओळीत तीन बहिणी झोपवल्यात आणि चौथीचं नाव लॅव्हेंडर! इंग्रजीतला रोजचा स्लीप मात्र ह्या घरातला नाही, त्याचं मूळ ढिलं पडणं, गळून जाणं असल्या अर्थाकडे नेतात, जे मला त्या दिवशी जास्त पटलं असतं.

आत शिरायचं म्हणजे गुडघ्यावर. लोअर पॉड मागून घ्या, अपरला शिडी आहे आणि साडीत ती शिडी म्हणजे सर्कस. मी ड्रेसमध्ये होते तरी डोकं आपटलंच. आतून पांढरं गुळगुळीत फायबर, फ्रिजमध्ये झोपल्यासारखं, पायाशी एक गोल व्हेंट, डोक्याशी वाचायचा दिवा, चार्जिंगचं पॉइंट, आणि समोर रोलर शटर जे खाली ओढलं की खट्‌ करून बसतं. लांबी भरपूर. रुंदी अशी की दोन्ही कोपर एकदम बाहेर काढता येत नाहीत. गादी चांगली, कडक पण नाही आणि रुतणारी पण नाही.

आणि डावीकडच्या भिंतीत, बरोबर तोंडाच्या उंचीवर, स्क्रीन. शटर लावलं की बाईचा आवाज, 'युवर नॅप स्टार्ट्स नाऊ', आणि आकडे सुरू. ५९:५९. ५९:५८. हा स्क्रीन बंद होत नाही. कमीसुद्धा होत नाही. मी सगळीकडे दाबून पाहिलं, नुसतं बील दिसतं, म्हणजे तुमचे ३४९ आणि खाली सेकंद पळतायत. ज्याला कोणाला ही आयडिया सुचली त्याला रिक्षाच्या मीटरकडे बघत झोपायची सवय असणार.

आता ह्या स्क्रीनच्या जागेमुळे काय झालं ते सांगते. आमच्या सासूबाई रोज जेवल्यावर शतपावली घालतात, हॉल ते गॅलरी, मोजून, आणि मग डाव्या कुशीवर वीस मिनिटं. वामकुक्षी म्हणजे अक्षरशः डावी कूस, वाम म्हणजे डावा आणि आपला 'कूस' हा शब्द कुक्षीवरूनच आलाय. मीही इतकी वर्षं बघून बघून डावीकडेच वळते. इथे डावीकडे वळलं की नाकासमोर ५४:१२. उजवीकडे वळलं की फायबरची भिंत, तिच्यात आपलाच श्वास परत येतो. म्हणजे वामकुक्षीची सोय नसलेला नॅप पॉड! भाषांतराच्या वेळी तो शब्द म्हातारा म्हणून परत आला होता, इथे तो मावलाच नाही. (आयुर्वेदवाले दिवसा झोपण्याच्या एकंदर विरोधातच असतात, चरकसंहितेत उन्हाळ्यात मात्र चालेल म्हटलंय, रात्री लहान असतात म्हणून. मी गेले तेव्हा मे महिना होता, तेव्हा माझी केस क्लिअर होती.)

शेजारच्या सोम्नसमध्ये कोणीतरी गृहस्थ फोनवर, "हां सर, साइट पे ही हूं सर, बस कंक्रीट का ट्रक आ रहा है." फायबर पातळ आहे, सगळं ऐकू येतं. नारिंगी बोळे घातले तर स्वतःचं हृदय ऐकू यायला लागलं. तेही काढले.

झोप काही येईना. मग जे करायचं नसतं ते केलं, मोबाईल काढला आणि शब्दकोशाच्या ॲपमध्ये नॅप शोधत बसले, चौदा ठिकाणचं उट्टं काढायला.

शब्द जुना आहे हो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ह्नापिअन असा होता, पेंगणे, हलकं झोपणे. सुरुवातीचा ह नंतर गळला, जसा नट आणि रिंगच्या आधीचा गळला तसा, तेही एकेकाळी ह्नुतु आणि ह्रिंग होते. जर्मनच्या जुन्या अवतारात ह्याचा एक नातेवाईक सापडतो, त्याच्या मागे काय होतं ते नक्की कोणाला माहीत नाही, तिथे पाटी कोरी. पण मला जे लागलं ते हे की शब्द मुळात क्रियापद होता. म्हणजे 'एक नॅप' अशी मोजायची, घ्यायची, विकायची वस्तू आधी नव्हतीच, माणूस नुसता पेंगायचा. नाम व्हायला चौदावं शतक उजाडलं, म्हणजे इकडे ज्ञानेश्वरी लिहून झाली होती तोवर. आणि एकदा नाम झालं की मग त्याच्यामागे टेक लागलं, हॅव लागलं, पुढे पॉवर लागलं, आता पॉड लागलंय.

तिकडे चौदाव्या शतकात विक्लिफच्या नावाने ओळखतात त्या इंग्रजी बायबलमध्ये एका स्तोत्रात म्हटलंय की इस्राएलला राखणारा देव नॅप करत नाही आणि झोपतही नाही. तोच शब्द, नॅप! पुढे १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरात तिथे स्लंबर आहे. मला हे वाचून एवढं बरं वाटलं की काय सांगू, म्हणजे हा शब्द भारदस्त वाटत नाही म्हणून परत पाठवणारे तेव्हापासून आहेत. माझी तक्रार फक्त चारशे वर्षं उशिरा आली.

आणि देव झोपत नाही म्हटलं की आपल्याला पंढरपूरच आठवणार. आषाढीच्या आधी विठोबाचा पलंग काढतात, यात्रा संपेपर्यंत देव झोपत नाही, २४ तास दर्शन, आणि गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होऊन मग पलंग परत. ज्या एकादशीला विष्णू चार महिन्यांसाठी झोपतो म्हणतात, नेमका त्याच एकादशीला इथला विठ्ठल जागा, लोकांसाठी. पण माझी आई वारीला जायची तिने सांगितलेली गोष्ट मला खरी आवडते, त्या दिवसांत मूर्तीच्या पाठीशी मऊ लोड ठेवतात. शिणला तर टेकायला. पलंग नाही, लोड. म्हणजे झोप नाही पण डुलकीची सोय आहे, आणि ती बसल्या-उभ्या जागी आहे, आडवी नाही.

हे मी ४१:२० ला उताणी पडून विचार करत होते आणि तिथे माझ्या लक्षात आलं की ह्या पॉडची गडबड कुठे झालीय. डुलकी कशावरून? डुलण्यावरून. मान पुढे जाते, दचकून मागे येते, परत जाते. पंचवटीत पासहोल्डरांचा डबा बघा, कसाऱ्यापासून सगळ्या माना एका लयीत, आणि कल्याण आलं की ज्याला उतरायचंय तोच बरोबर डोळे उघडतो. इंग्रजांचं पण नॉड ऑफ तेच आहे, मानेचंच. आडवं झाल्यावर काय डुलणार, कपाळ? डुलकीला टेकायला काहीतरी लागतं पण पूर्ण निजायला नको, खुर्ची हवी, बसची खिडकी हवी, कीर्तनाचा खांब हवा. ह्यांनी गादी विकलीय आणि बोर्डावर लिहिलंय नॅप.

आणि गादीचा हा डबा आला कुठून तर जपानमधून, पहिलं कॅप्सूल हॉटेल ओसाकाला १९७९ मध्ये सुरू झालं, किशो कुरोकावा नावाच्या मोठ्या आर्किटेक्टचं डिझाइन. ते चाललं ते मुख्यतः शेवटची ट्रेन चुकलेल्या ऑफिसवाल्यांमुळे, म्हणजे रात्र काढायला. आपल्याकडे रेल्वेने मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये पॉड हॉटेल काढलं तेही तसंच, ४८ पॉड, सुरुवातीला १२ तासांचे ९९९ रुपये. त्यात फसवणूक काही नाही, झोप म्हणून झोप विकतायत. तोच डबा तासावर कापून नॅप म्हणून विकला की मग गोची होते.

विमानवाल्यांचा एक अभ्यास आहे, नासाचा, नव्वदच्या दशकातला, लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात ४० मिनिटांची सुट्टी द्यायची, झोपा म्हणायचं, आणि त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली, नंतर ते चांगले तरतरीत होते. पॉवर नॅपच्या जाहिरातीत हे २६ मिनिटांचं नेहमी येतं, इथेही भिंतीवर पोस्टर आहे. पोस्टरवर जे नाही ते असं की ते लोक कॉकपिटमधल्या आपल्या खुर्चीतच झोपले होते. बसून! शिवाय अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की गाढ झोपेत शिरायची शक्यता वाढते आणि मग तिथून उठवलं की डोकं जड, तोंड कडू, कोण आपण कुठे आपण. तर एक तासाचं पॅकेज हे त्या पोस्टरच्याच विरोधात जातं, अर्ध्या तासाचं पाहिजे, आणि ते ठेवलेलंच नाही. का नाही ठेवलं ते कळायला कोणता अभ्यास लागत नाही.

असो. नॅपकिनचं राहिलं. मी त्या पिशवीतल्या नॅपकिनने स्क्रीन झाकायचा प्रयत्न केला, थुंकी लावून चिकटवला, पडला, परत लावला. मला लहानपणापासून वाटायचं नॅपकिनचा नॅपशी संबंध असणार, झोपताना तोंडावर टाकायचा तो. बाबा टाकायचे ना, पेपर नाहीतर रुमाल. तर नाही. लॅटिनमध्ये माप्पा म्हणजे कापड, त्याचं फ्रेंचमध्ये नाप झालं, टेबलक्लॉथ, आणि त्याला किन शेपूट लागून छोटं टेबलक्लॉथ ते नॅपकिन. ॲप्रन पण त्यातलाच, आधी 'अ नेप्रन' होता, लोकांनी न आपल्याकडे ओढून 'ॲन एप्रन' करून टाकला. नकाशाचा मॅपसुद्धा त्याच माप्पावरून, कापडावर काढायचे म्हणून. किडनॅप मधला नॅप आणखी तिसराच, तो झडप घालून पकडणे, पोलीस नॅब करतात त्याचा भाऊ, सतराव्या शतकात पोरं-माणसं पळवून अमेरिकेच्या मळ्यांवर कामाला धाडायचे त्यावरून आलेला शब्द. आणि पत्त्यांच्या एका डावाला नॅप म्हणतात तो नेपोलियनचा. एवढे सगळे नॅप, आणि झोपेचा एकच.

काउंटरवर आधार कार्ड कशाला मागतात ते पण तेव्हाच कळलं. इंग्लंडात डुलकीला, झोपेला किप म्हणतात, गेट सम किप वगैरे. अठराव्या शतकात किप म्हणजे वेश्यागृह. पुढे त्याचं स्वस्तातलं लॉजिंग झालं, मग लॉजिंगमधला पलंग झाला, मग पलंगावरची झोप. आता तो इतका सोवळा शब्द आहे की आज्याही वापरतात. तासावर पलंग भाड्याने दिला की सगळीकडे आधी तोच संशय येतो, तर पोराने दोनदा फोटो पडताळून पाहिला त्यात त्याचं काही चुकलं नाही.

बरं, मधल्या वेळात गोव्याच्या मैत्रिणीला मेसेज केला होता, तिचं उत्तर आलं की पैसे कशाला दिलेस, आमच्याकडे अख्खं मार्केट दुपारी बंद करून फुकट झोपतात. स्पॅनिशमध्ये सिएस्टा, पोर्तुगीजमध्ये सेस्ता, दोन्हींचं मूळ लॅटिनचा सहावा तास, सूर्योदयापासून सहा म्हणजे भर दुपार. तो घड्याळातला तास आहे, त्याचं पॅकेज नाही. पुण्याचं एक ते चार मी मुद्दाम काढत नाहीये, ते विनोद आता शिळे झाले आणि तिथली मोठी दुकानंही हल्ली दुपारी उघडी असतात.

२२:०५ ला शेजारचे गृहस्थ घोरायला लागले. काँक्रीटचा ट्रक आला असावा.

आणि मग मला लागली. कधी ते सांगता येत नाही, हेच तर आहे ना. आपण मराठीत झोप 'लागली' म्हणतो, डोळा 'लागला', भूक लागते, ठेच लागते, तशी. करणारे आपण नव्हेच. ताणून देणं, झोप काढणं हेही म्हणतो, कबूल आहे, पण त्यात रविवार असतो, ठरवून केलेला आळस असतो. डुलकी मात्र ठरवून होत नाही, ती सभेत लागते, सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात लागते, गणिताच्या तासाला लागते. तुम्ही तिचं बुकिंग केलंत की ती गेलीच. तुम्ही विचाराल मग हे ॲपवाल्यांना का नाही सांगितलं. सांगितलं असतं, पण तेव्हा मला कुठे सुचलं होतं!

तर लागली, आणि टक टक टक. पोरगा शटरवर. "ताई, धा मिनिटं राहिली." मी एवढी दचकले की दुसऱ्यांदा डोकं आपटलं. दहा मिनिटं आधी उठवण्याची ही पद्धत कोणी काढली? स्क्रीनवर आकडे आहेत, बाईचा आवाज आहे, मग दार कशाला वाजवायचं? माझी सगळी मिळून आठ-नऊ मिनिटं झाली असतील, त्यातही ती साखरझोपेची होती. वर स्क्रीनवर नवीन बटण उगवलं, 'स्नूझ ९ मिनिटं, ६० रुपये'. स्नूझला पैसे! स्नूझ हा अठराव्या शतकाच्या शेवटी चोरा-भुरट्यांच्या बोलीतून वर आलेला शब्द आहे, कुठून आला तेही माहीत नाही, १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने स्नूझवालं अलार्म घड्याळ काढलं, आणि नऊ मिनिटं हे पुढे असं मुरलंय की आपल्या फोनमध्येही बरेचदा तेच असतं. एवढी वर्षं ते फुकट होतं, झोपेतली उरलीसुरली चोरी. त्यावरही मीटर टाकला. मी नाही दाबलं. (दाबलं असतं तर मिळाली असती का झोप? शेजारी गृहस्थ आता पूर्ण सुरात होते.)

बाहेर आले, तोंड धुतलं, केस बांधले. काउंटरशी गेले तर पोरगा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, एक हात रजिस्टरवर, हनुवटी छातीला टेकलेली. मान हळूहळू खाली, मग झटका, मग परत खाली. पेनाची रेघ रजिस्टरमध्ये आडवी गेलेली, नाव-वेळ-सहीच्या रकान्यांतून थेट पार. हजार वर्षांपूर्वीचा तो ह्नापिअन काय असेल ते मी समोर बघत होते, एक पैसा न देता, आणि अख्ख्या मजल्यावर खरा नॅप एवढाच चालू होता.

वर कॅमेरा होता, त्याच्यावरच रोखलेला. इंग्रजीत बेसावध सापडण्याला कॉट नॅपिंग म्हणतात, सोळाव्या शतकापासून म्हणतात, आणि ह्या धंद्याच्या भिंतीवर नॅपची एवढी पोस्टरं पण नॅपिंग सापडला तर ह्याचीच नोकरी जाणार. तेव्हा मी चावी जरा जोरात टेबलावर ठेवली.

"जागाच होतो ताई, जागाच होतो." डोळे लाल.

आमचे बाबा पण असंच म्हणायचे, पेपर तोंडावर, घोरणं सुरू, आणि टीव्हीचं चॅनल बदललं की पेपराखालून, मी ऐकतोय, लाव परत बातम्या. जगात कोणी डुलकी कबूल करत नाही. झोपलो होतो म्हणतील, आजारी होतो म्हणतील, पेंगत होतो म्हणणार नाहीत.

रात्रीपासून तोच होता म्हणे, बदलीवाला आलाच नाही. मी म्हटलं आत एवढे पॉड रिकामे आहेत, जाऊन पड की अर्धा तास. तर हसला, "स्टाफला अलाऊड नाही ताई." मग तोंडावर पाणी मारून आला आणि माझ्या मागच्या बाईला तेच सांगायला लागला, चप्पल इथं काढा, पाणी आत नेऊ नका.

तर रेटिंग पाचपैकी तीन. स्वच्छता, गादी, एसी, बायकांना एकटीने जायला सुरक्षित, त्याबद्दल तीन. स्क्रीन आणि टकटक नसते तर चार दिले असते. विमान लेट झालंय, पाठ भरून आलीय, आडवं व्हायचंय, तर जरूर जा, ५९९ वालं दोन तासांचं घ्या, त्यात एखादी पूर्ण झोप बसते, एका तासात नुसती चिडचिड हातात येते. अर्ध्या तासासाठी जाऊ नका, त्याला मेट्रो बरी, घाटकोपर ते वर्सोवा आणि परत. लोअर पॉड मागा, भिंतीकडचा, सोम्नसच्या शेजारचा नको. स्क्रीनवर टाकायला जाड ओढणी न्या, नॅपकिन टिकत नाही. आणि १०० रुपये डिपॉझिट आठवणीने मागून घ्या, मी विसरले होते, पोरगा जिन्यापर्यंत धावत आला द्यायला.